अंगठ्याचा ब्रेक

रात्री साडेअकरा वाजता मी सोसायटीच्या रिकाम्या पार्किंगमध्ये गळ टाकत होतो. हातात साडेसहा फुटी रॉड, त्यावर नवंकोरं बेटकास्टिंग रील आणि दोरीच्या टोकाला गरीऐवजी रबर गुंडाळलेलं वीस ग्रॅमचं शिसं. वॉचमन काका खुर्ची वळवून बराच वेळ बघत बसले आणि शेवटी म्हणाले, "सर, इथं फक्त टँकर येतो. मासे नाय येत."

मी हसलो आणि परत फेकलं. शिसं पाच फुटांवर आपटलं आणि रीलवर दोरीचं एवढं मोठं जंजाळ झालं की खालची दोरी दिसेना. इंग्रजीत याला पक्ष्याचं घरटंच म्हणतात. त्या रात्रीचं माझं ते सातवं घरटं होतं.

हा उद्योग मी का करत होतो, ते सांगतो.

आमचं गाव रायगडात, कुंडलिका खाडीच्या काठी. बाबा एसटीत कंडक्टर होते. सुट्टी मिळाली की गरवायला जायचे. रॉड-रील असलं काही नाही. प्लास्टिकच्या बाटलीभोवती गुंडाळलेलं तंगूस, टोकाला गरी, थोडं वर शिसं आणि आमिषाला कोळंबी. डाव्या हातात बाटली धरायची, उजव्या हातानं शिसं गरागरा फिरवून सोडायचं. बाटलीवरून तंगूस सरसर सुटायचं आणि शिसं बरोबर तिवरांच्या कडेला जाऊन पडायचं. मग ते तंगूस बोटावर घेऊन बाबा तासन्‌तास गप्प बसायचे.

गेल्या वर्षी जूनमध्ये बाबांना पॅरालिसिसचा झटका आला. बोलणं सावरलं. पायही सुधारला, काठी घेऊन चालतात. उजवा हात मात्र खांद्यापासून जड राहिला.

आम्ही त्यांची काळजी घ्यायला लागलो. म्हणजे काय केलं? स्कूटरची चावी लपवली. भात कालवून समोर ठेवायला लागलो. शर्टाची बटणं आई लावायची. मी पुण्याहून रोज रात्री व्हिडिओ कॉल करायचो: गोळी घेतली? व्यायाम केला? बीपी किती? ऑफिसातल्या स्टँड-अप मीटिंगसारखं. एकदा बाबा म्हणाले, "तिकिटं तपासायला आलायस का?"

दिवाळीला घरी गेलो तेव्हा आईनं हळू आवाजात सांगितलं, की बाबा आठवड्यापूर्वी माळ्यावरची बाटली काढायला लावून एकटेच धक्क्यावर गेले होते. एका हातानं शिसं फेकता येतं, पण बाटली धरायला दुसरा हात लागतो. अर्ध्या तासात परत आले आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

इंजिनिअर माणूस दुःख झालं की सर्च करतो. मीही केलं. आपल्याकडे सगळीकडे दिसतं ते स्पिनिंग रील. ते शिकायला सोपं, पण फेकण्याआधी एका हाताच्या बोटानं दोरी धरायची आणि दुसऱ्या हातानं वरची तार उघडायची. इथंही दोन हात आलेच. बेटकास्टिंग रीलचं तसं नाही. ते रॉडच्या वर बसतं. अंगठ्यानं बटण दाबायचं, तोच अंगठा स्पूलवर ठेवायचा, फेकताना तो सैल करायचा आणि शिसं पाण्याला टेकायच्या क्षणी परत दाबायचा. सगळं एकाच हातात. हे कळलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

मग निवड. बाबा डाव्या हातानं फेकणार, नंतर रॉडचं बूड खुर्चीला बांधलेल्या पीव्हीसी पाइपात खोचणार आणि डाव्याच हातानं गुंडाळणार. म्हणजे हँडल डावीकडे हवं. बहुतेक रील उजव्या हँडलची असतात, त्यामुळे दुकानदारानं मला दोनदा विचारलं, "सर, नक्की लेफ्ट ना? परत घेणार नाही." दुसरा मुद्दा गिअरचा. ५.४:१ म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात स्पूल ५.४ वेळा फिरतो. सात-आठच्या घरातली रील दोरी झटपट गोळा करतात, पण ओझं ओढताना हाताला जड जातात, सायकलच्या मोठ्या गिअरसारखी. मी कमी गिअरचं घेतलं. दोरी साधं मोनो तंगूस, कारण विणलेली ब्रेड लाइन गुंत्यात जास्त रुतते.

मधे एक मोह झाला. शिमानोची डीसी नावाची रील येतात. त्यांच्यात चक्क चिप असते. ती स्पूलच्या फिरण्यातूनच वीज घेते आणि सेकंदाला हजारदा वेग तपासून ब्रेक लावते. गुंत्याची भीती खूपच कमी. कार्टमध्ये टाकलंही होतं. मग वाटलं, सेकंदाला हजारदा तपासणी करणारा एक मुलगा बाबांना आधीच आहे. कार्ट रिकामं केलं आणि साधं, मॅग्नेटिक ब्रेकचं रील घेतलं.

आता ते शिकणं आलं. गुंता का होतो हे समजायला मला एक मिनिट लागलं आणि तो टाळायला तीन आठवडे. फेकताना शिसं जोरात सुटतं आणि स्पूलला भरधाव फिरवतं. पुढे हवेमुळे शिसं मंदावतं, पण स्पूलला ते कळत नाही. तो त्याच वेगानं दोरी सोडत राहतो आणि न गेलेली दोरी जागीच फुगते. आमच्या भाषेत बफर ओव्हरफ्लो. त्यावर तीन उपाय असतात. हँडलच्या बाजूचा नॉब असा घट्ट करायचा, की शिसं सोडल्यावर सावकाश खाली यावं आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबावा. दुसरा उपाय मॅग्नेटिक ब्रेक. स्पूल ॲल्युमिनियमचा, त्याला चुंबक चिकटत नाही. पण तो चुंबकाजवळ फिरला की त्यात एडी करंट तयार होतात आणि फिरण्याला विरोध करतात. इंजिनिअरिंगला हे पाठ करून मार्क मिळवले होते, उपयोग आत्ता झाला. आणि तिसरा उपाय अंगठा.

पहिल्या दोघांची सेटिंग मी वहीत लिहून ठेवली. अंगठ्याची लिहिता येईना. जास्त दाबला तर शिसं पायाशी, कमी दाबला तर घरटं. शिवाय मी मुद्दाम डाव्या हातानं शिकत होतो. एका रात्री, काहीच विचार करत नसताना, शिसं सरळ गेलं आणि पार्किंगच्या दुसऱ्या टोकाला टेकलं. स्पूल शांत. काकांनी टाळी वाजवली.

जानेवारीत गावी गेलो. अंगणात खुर्ची मांडली, पाइप बांधला, ब्रेकची डायल दहापैकी दहावर ठेवली आणि बाबांच्या हातात रॉड दिला. त्यांनी फेकलं. शिसं तुळशीपाशीच पडलं.

"दगड बांधलायस का याला?"

"ब्रेक पूर्ण आहे, बाबा. आधी सवय होऊ दे."

"कमी कुठून करायचा?"

मी डायल दाखवली. त्यांनी रॉड मांडीवर आडवा घेतला आणि अंगठ्यानं ती सरळ पाचवर नेली.

"बाबा, गुंता होईल."

"होऊ दे की. काढायला मी आहे ना."

गुंता झाला. माझ्या सातव्या घरट्यापेक्षा मोठा. मी हात पुढे केला, तर त्यांनी रील उलट्या बाजूला वळवलं. मी एवढंच सांगितलं, की अंगठा स्पूलवर दाबून हँडलचे दोन फेरे मारा, मग दोरी ओढून बघा. हँडल फिरवायचं आणि अंगठाही दाबायचा, हे एका हाताचं काम नव्हे. त्यांनी उजवा हात डाव्यानं उचलला, अंगठा स्पूलवर नेऊन ठेवला आणि खांदा पुढे रेटून त्यावर भार दिला. मग हँडल फिरवलं. एकेक फास सुटायला चाळीस मिनिटं लागली. आई दोनदा दारात येऊन गेली. मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसलो होतो. एवढा वेळ त्यांना मदत न करता मी वर्षभरात कधी बसलो नव्हतो.

संध्याकाळपर्यंत शिसं कुंपणाजवळच्या माडापर्यंत जायला लागलं.

दुसऱ्या दिवशी भरती लागताना धक्क्यावर गेलो. तासाभरानं रॉडचं टोक थरथरलं. बाबांनी डाव्या हातानं सावकाश गुंडाळलं. वीतभर शिंगाळा. मी जागचा हललो नाही. बाबांनी एकदा माशाकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं.

"हा तू सोडव. याचा काटा लागला तर हात ठणकतो. मला एकच आहे."

आता रात्रीच्या कॉलवर गोळ्यांचं आई सांगते. मी बाबांना विचारतो, डायल कितीवर? काल म्हणाले, "चार. समोरून वारा होता. नाहीतर तीन."