कड

वांकेल इंजिनाला झडपा नसतात. त्रिकोणी रोटरच्या टोकांवरील पट्ट्या हाउसिंगच्या भिंतीला घासत फिरतात. जळालेला वायू बाहेर सोडणारे पोर्ट केव्हा उघडावे, केव्हा मिटावे, हे त्या पोर्टची कडच ठरविते.

आमच्या मेहुण्यांच्या पश्चात त्यांची १९९३ सालची माझदा आरएक्स-७ अमेरिकेत भाच्याकडे आली. इंजिन उघडले तेव्हा पोर्टच्या कडेवरील क्रोमचे टवके उडालेले दिसले. अशा खरखरीत कडेत पट्टी अडकून तुटली, तर तिचे तुकडे आतली भिंत खरवडून टाकतात. सुदैवाने इजा कडेपुरतीच होती; क्रोम आतवर सुटले असते, तर हाताने करण्याजोगे काही उरले नसते.

भाच्याने बारीक कानशीने धार मोडली, कड गुळगुळीत केली आणि तो थांबला. मित्रांचा आग्रह होता : हात लागलाच आहे, तर पोर्ट मोठे कर. तसे केले असते तर ते लवकर उघडले असते. शक्ती कदाचित वाढली असती, पण इंजिनाची चाल आणि आवाज बदलला असता. "मग ती बाबांची गाडी राहिली नसती," एवढेच तो म्हणाला.

पाठचिकित्सा शिकविताना आम्हीही हेच सांगत आलो : बिघडले तेवढेच दुरुस्त करावे, आपल्या आवडीचे त्यात घालू नये. मात्र संपादकाने चुकीचा पाठ निवडला, तरी मूळ पोथी शिल्लक असते. कानशीने झडलेला धातू परत येत नाही. म्हणून भाच्याचे थांबणे आम्हांला आमच्या शिकविण्याहून अवघड वाटते.