निवृत्तीनंतरचें रान

सरकारी नोकरींतून निवृत्त झालेला मनुष्य कित्येकदां घरच्यांस जड होतो, आणि स्वतःस तर त्याहूनहि जड होतो. ज्यांच्या सहीवांचून कचेरींत कागद हालत नसे, ते तेंच वर्तमानपत्र तिसऱ्यांदां उलगडीत बसतात. भांडुपास आमच्या घरीं वडिलांची हीच स्थिति होती. १८ जून २०२५ रोजीं सोलापुरास मारुती चितमपल्ली वारले, तेव्हां आमच्याकडे त्यांच्या पुस्तकांइतकीच त्यांच्या निवृत्तीचीहि चर्चा झाली, ती यामुळेंच.

चितमपल्लींचा जन्म ५ नोव्हेंबर १९३२ रोजीं सोलापुरास झाला. कोइमतूर येथें वनशिक्षण घेऊन ते वनखात्यांत शिरले आणि १९९० सालीं उपमुख्य वनसंरक्षक म्हणून निवृत्त झाले. वनाधिकाऱ्याचा जन्म एरवीं फिरती, वणवे व लांकडांचे हिशेब यांतच सरावयाचा. यांनीं मात्र हुद्दा बाजूस ठेवून शिष्यत्व पत्करिलें. नवेगावबांधास माधवराव पाटील डोंगरवार यांच्या सहवासांत ते तळें व रान वाचावयास शिकले. रानांत राहणाऱ्या निरक्षर माणसांकडून पशुपक्ष्यांचीं नांवें त्यांनीं टिपून घेतलीं. जुन्या ग्रंथांतील उल्लेख पडताळतां यावेत म्हणून संस्कृतहि अभ्यासिलें. बगळ्यांच्या सामुदायिक वीणवसाहतीस ‘सारंगागार’ आणि कावळ्यांच्या वसाहतीस ‘काकागार’ हे शब्द मराठीस त्यांच्याचकडून मिळाले.

पेन्शन सुरू झाल्यावर हा मनुष्य थांबला नाहीं. आयुष्यभर सांठविलेल्या टिपणांतून ‘पक्षिकोशा’सारखें चिकाटीचें काम त्यांनीं याच काळांत हातावेगळें केलें. २००६ सालीं सोलापुरास भरलेल्या ७९ व्या साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपद त्यांस मिळालें. पद्मश्री मिळाली ती २०२५ सालीं, अगदीं अखेरच्या वर्षीं.

कोणी म्हणेल, त्यांस मेळघाट लाभला, आम्हां उपनगरवासीयांस काय? पण भांडुपच्या पश्चिमेस डोंगर आहे. त्यापलीकडे १८६० सालचा विहार व १८७९ सालचा तुळशी हे तलाव आहेत. मुंबईची तहान भागविण्यासाठीं राखलेलें त्यांच्या भोंवतालचें रान आज राष्ट्रीय उद्यानांत मोडतें. पूर्वेस ठाण्याची खाडी. तेथें २०१५ सालीं अभयारण्य जाहीर झालें. खाडींत उतरणाऱ्या त्या गुलाबी पक्ष्यांस आमचीं मुलें ‘फ्लेमिंगो’ म्हणून बरोबर ओळखतात. ‘रोहित’ म्हटलें तर मात्र शेजारचा मुलगा आला असें समजून दाराकडे पाहतात! पक्षी दर सालीं येतो, पण त्याचें मराठी नांव घरांतून निघून जातें. तें गेल्याचें कोणास कळतहि नाहीं.

चितमपल्लींच्या निधनानंतर वडिलांनीं एक कोरी वही मागून घेतली. आपल्या आईच्या तोंडीं असलेलीं कोंकणांतलीं पांखरांचीं व झाडांचीं नांवें ते आठवून आठवून तींत लिहितात. भारद्वाजावरून त्यांचें व आत्याचें परवां चांगलेंच जुंपलें. वडील म्हणत, आई त्यास ‘कुकुडकोंबा’ म्हणे. आत्या म्हणे, छे, ‘सोनकावळा’! चहा निवून गेला तरी दोघांपैकीं एकहि मागें हटेना. शेवटीं वडिलांनीं दोन्ही नांवें लिहिलीं, आणि आत्यानें चष्मा लावून आपलें नांव नीट लिहिलें आहे ना, हें तपासून घेतलें.