आप्पांचं कॅलेंडर

२०२० साली लिंबागणेशच्या आमच्या घरात कॅलेंडर होतं एक आणि 'नीट'च्या तारखा तीन. आधी ३ मे, मग २६ जुलै, शेवटी १३ सप्टेंबर. सीईटी एप्रिलातून सरकत ऑक्टोबरात गेली, ती वेगळीच!

पुण्यात आम्हा लॅपटॉपवाल्यांच्या भाषेत हे 'रीशेड्यूल'. एक क्लिक, झालं. आप्पांचं तसं नव्हतं. तारीख सरकली की लातूरच्या कुलूपबंद रूमचं भाडं वाढायचं, ठरवलेली जीप रद्द व्हायची. त्यात धाकटीला स्थळं आणणाऱ्यांना 'परीक्षेनंतर बघू' म्हणून ठेवलेलं. परीक्षाच होईना म्हटल्यावर पाहुण्यांना जोर चढला.

"लेकरानं किती दिवस तेच ते वाचायचं? एकदाची घेऊन टाका म्हणावं," आप्पा फोनवर करवादायचे. मागून आई, "एवढ्या रोगराईत कशाला? वर्ष गेलं तर जाऊ द्या." १७ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाने परीक्षा पुढे ढकलायची मागणी फेटाळली. आप्पा खूश, आई गप्प. (धाकटीचं मत? ते कोण विचारतंय!)

पेपर दुपारी दोन ते पाच. तेव्हाच्या औरंगाबादेत सेंटरबाहेर आप्पा तोंडाला रुमाल बांधून उभे. धाकटी बाहेर आली, तर पेपर कसा गेला हे राहिलंच. त्यांचा पहिला प्रश्न, "आता पुन्हा तर नाही ना घ्यायचे?"