आठवीचा फॉर्म

1973 च्या जूनमध्ये मी आठवीत गेलो. आदल्या सालच्या दुष्काळानं आमच्या माणदेशातली माणसं आणि जनावरं दोन्ही सोलून काढली होती. आई-दादा दुष्काळी कामावर खडी फोडत होते. आम्हा पोरांना सुकडी मिळायची, रेशनवर लाल मिलो. त्या धामधुमीत मी सातवी पास झालो याचंच घरात नवल. गावातली शाळा सातवीपर्यंत. आठवीला बाजारच्या गावी हायस्कूलात जायचं, रोज चालत.

नाव घालायला दादा बरोबर आले. डोक्याला धुतलेला पटका, पायात माझ्या चुलत्याच्या वहाणा. टेबलामागच्या क्लार्कनं विचारलं, "अ तुकडी का ब? अ ला संस्कृत हाय, ब ला सगळी हिंदी आन् शेतीचं तास."

दादा म्हणाले, "आमाला काय कळतंय सायेब? तुमीच घाला कुठंतरी."

"धंदा काय?"

"शेती."

क्लार्कनं ब लिहिलं. संपलं. माझ्याकडं दोघांपैकी कोणी बघितलंसुद्धा नाही. खरं सांगायचं तर बघितलं असतं आणि विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं. संस्कृत म्हणजे काय हेच मला ठाऊक नव्हतं. ते पुढं खिडकीतून कळलं. शेतीच्या तासाला आम्ही खुरपी घेऊन शाळेच्या मागच्या तुकड्यावर जायचो. वाट अ तुकडीच्या खिडकीखालून होती. आतून एका सुरात 'रामः रामौ रामाः' चालायचं. सर ओरडेपर्यंत मी तिथं घोटाळायचो. आजही मला त्या शब्दाची पहिली विभक्ती पाठ आहे. पुढची नाही, कारण तोवर खिडकी मागं पडायची.

पण शेतीच्या तासाला मी नावं ठेवणार नाही. वाफे बांधायला आणि खुरपायला आम्हाला कोण शिकवणार होतं? सरच कधी कधी आम्हाला विचारायचे. तरी एक गोष्ट त्यांनी अशी सांगितली की ती आयुष्यभर पुरली. ज्वारीचं बी पेरायच्या आधी त्याला गंधकाची भुकटी चोळायची, किलोला चार ग्रॅम. म्हणजे कणसात काणी धरत नाही. मी घरी येऊन सांगितलं तर दादा हसले. "बियाला काय हळद लावायची व्हय?" पण एका पट्टीला लावू दिली. त्या पट्टीत काळी कणसं शोधून सापडेनात. दुसऱ्या सालापासून दादा स्वतःच गंधक आणायला लागले. तेव्हा विषय वाईट नव्हता. मला कोणी विचारलं नव्हतं, एवढंच सलत राहिलं. 1975 ला अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी आली. त्या दहावीच्या दुसऱ्या बॅचला मी बसलो, पास झालो आणि औत धरलं.

ज्याला हे सलतं तो आपल्या पोरांना तरी विचारील, असं कोणालाही वाटेल. मलाही वाटत होतं.

माझी थोरली 2000 साली आठवीत गेली. त्याच हायस्कूलात. आता एसटी होती आणि मुलींना अहिल्याबाई होळकरांच्या नावाचा पास फुकट होता. ती पहिल्यापासून पळणारी. सुटलेलं वासरू आम्ही तिघं मिळून धरायला जायचो, तर ती एकटी वळवून आणायची. हायस्कूलात खो-खोच्या सरांनी तिला आठवड्यात हेरलं. तालुक्याच्या संघात घेतो म्हणाले. सराव शाळा सुटल्यावर, सहापर्यंत. आणि आमच्या गावची शेवटची एसटी सव्वापाचला.

सर एका बाजारादिवशी मला गाठून म्हणाले, "पोरीच्या पायात जोर हाय. महिनाभराचा प्रश्न हाय, काहीतरी सोय करा."

मी म्हणालो, "एसटी न्हाय सर. जमायचं न्हाय."

हे खरंच होतं. पण सगळं खरं नव्हतं. गोठ्यात दोन जर्सी गाई होत्या. सातला डेअरी बंद व्हायची आणि संध्याकाळची धार थोरली काढायची. तिच्या हाताला गाई पान्हा सोडायच्या. शिवाय चड्डीवर खेळणारी पोरगी म्हणून भावकीत काय बोलतील, हे मनात होतंच. यातलं मी सरांना काही सांगितलं नाही. एसटी सांगितली. एसटी बरी असते, तिच्यावर काहीही ढकलता येतं.

याच्याहून वाईट पुढं आहे. दोन वर्षांनी धाकटा आठवीत गेला. त्याला क्रिकेटचं वेड. त्याच्यासाठी मी सायकल घेतली. अंधार पडल्यावर तो घरी यायचा आणि आम्ही त्याला गरम भाकरी वाढायचो. थोरली चुलीपुढं असायची. ती कधी एका शब्दानं बोलली नाही. सायकल तिलाही चालवता येत होती.

2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ललिता बाबर 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. मोहीची पोर, आमच्याच माण तालुक्यातली. वयानं माझ्या थोरलीच्या बरोबरीची. सगळं गाव टीव्हीपुढं बसलं होतं. ती दहाव्या नंबरला आली तरी लोकांनी फटाके वाजवले. मी उठून गोठ्यात गेलो. माझी पोरगी तिथवर गेली असती असं मी म्हणत नाही. बहुतेक तालुक्याच्या सामन्यातच हरून घरी आली असती. पण हरून तरी आली असती.

आता थोरलीची थोरली माझ्याजवळ शिकायला आहे. जावई मुंबईला माथाडीत, खोली एवढीशी, म्हणून नात आजोळी. परवाच्या जूनमध्ये ती आठवीत गेली. शाळेतून पत्रक आलं. संस्कृत का हिंदी, गणित-विज्ञान इंग्रजीतून का मराठीतून, स्कॉलरशिपला बसणार का, एनसीसी, खेळ, चित्रकला, प्रत्येकापुढं चौकोन. खाली पालकाची सही. आमच्या वेळी दोन शब्दांत उरकलेलं काम आता पानभर झालं होतं.

मी त्या रात्री चष्मा लावून बसलो आणि फॉर्म भरला. संस्कृतवर खूण केली. ती माझी. खेळापुढं खो-खो लिहिलं. ते थोरलीचं. सकाळी म्हसवडला जाऊन साडेसहाशेचे बूट आणले. सरावाहून आणायला मोटरसायकलवर मी स्वतः जाणार होतो. छाती भरून आली होती. थोरलीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. वाटलं, पोरगी खूश होईल, कदाचित डोळ्याला पदर लावील.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आण्णा, तिला इचारलं का?"

मला काही बोलता येईना.

"मला कुणी इचारलं न्हवतं," ती म्हणाली. रागानं नाही. भाजीचा भाव सांगावा तसं. आणि मग, "ठेवते, कुकर लावलाय."

तेवीस वर्षांत ती त्याबद्दल एवढंच बोलली.

संध्याकाळी नातीला समोर बसवलं. कोरा फॉर्म शाळेतून पुन्हा मागून घेतला होता. म्हटलं, "तुला काय पाहिजे ते सांग." ती आधी बुटांच्या खोक्याकडं बघायला लागली. पोरं हुशार असतात, म्हाताऱ्याचं मन राखावं हे त्यांना कळतं. मी खोकं खाटेखाली सरकवलं. मग म्हणाली, "आण्णा, मला पळायला आजिबात आवडत न्हाय. धाप लागती. मला चित्रकला घ्यायची हाय. एलिमेंट्रीची परीक्षा द्यायची."

"आन् संस्कृत?"

"हिंदीच बरी."

माझी ही हातातलं निवडण ठेवून म्हणाली, "चित्रं काढून काय पोट भरतंय का?" शेजारचे मास्तर आले होते. ते म्हणाले, "वैनी, इंटरमिजिएटला ए ग्रेड आली तर दहावीला सात मार्क वाढीव मिळतात." सात मार्कांवर आमची ही गप्प झाली. मला मात्र ते मार्क ऐकून बरं वाटलं नाही. पोरीनं मार्कांसाठी मागितलं नव्हतं. पण घरात तेवढ्यावर मिटत असेल तर मिटू दे म्हटलं.

सही केली. बूट गल्लीतल्याच एका पोरीला दिले. ती खो-खोत आहे. तिला बोटभर मोठे होतात, पुढं कापूस घालून खेळते. मोटरसायकल आता तिला आणायला जाते.

नात रोज शाळेतून आली की ओसरीवर तांब्या, कांदा आणि वरवंटा मांडून वस्तुचित्र काढत बसते. सात वाजता डेअरी बंद होते, ते अजून तसंच आहे. गाय एकच राहिली. संध्याकाळची धार मी काढतो.