बुगडी पाहायला चालले मी!

"अगं, पण पक्षी बघायला अरुणाचलापर्यंत कशाला जायला हवं? मागच्या अंगणात एवढ्या साळुंक्या येतात, त्या बघ की!"

सासूबाईंचा हा प्रश्न मी गेले चार महिने ऐकते आहे, आणि खरं सांगू का, त्याचं धड उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

हे वेड मला काही लहानपणापासूनचं नाही, लग्नानंतरचंच. पाच वर्षांपूर्वी एका सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. समोरच्या तारेवर एक काळापांढरा पक्षी शीळ घालत बसला होता. इतकी गोड शीळ, की हातातली ओली चादर हातातच राहिली आणि खाली कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते कळलंच नाही. त्या दिवशी वरणाचा पार लगदा झाला! शाळेतल्या कपाटातलं पुस्तक चाळल्यावर कळलं, की तो दयाळ. मग आमच्या कऱ्हाडला रविवारी सकाळी प्रीतिसंगमावर दुर्बिणी गळ्यात अडकवून फिरणारी जी मंडळी असतात, त्यांच्यात मी कधी जाऊन मिसळले ते माझं मलाच समजलं नाही. तेव्हापासून आमच्याकडे रविवारचे पोहे साडेनवाला होतात. सुरुवातीला कुरकुर झाली, आता सवय झाली आहे.

याच मंडळींतल्या एका काकांनी मला बुगून लायोसिकलाची गोष्ट सांगितली. नाव जिभेवर बसायलाच मला दोन दिवस लागले. घरी सासूबाईंनी एका झटक्यात त्याची 'बुगडी' करून टाकली, आणि आता आमच्या घरात तेच नाव चालतं.

गोष्ट मोठी नवलाची आहे. पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ रमणा अत्रेय, म्हणजे खरं काम आकाशातलं, पण छंद पक्ष्यांचा. १९९५ साली अरुणाचल प्रदेशातल्या ईगलनेस्टच्या जंगलात त्यांना दोन अनोळखी पक्षी दिसले. कोणत्याच पुस्तकाशी त्यांचं रूप जुळेना. पुढे दहा वर्षांनी ते पुन्हा दिसले आणि २००६ साली एक अगदी नवी जात म्हणून तो पक्षी जगापुढे आला. नव्या जातीला नाव द्यायचं तर एक पक्षी मारून संग्रहालयात ठेवायचा, अशी शास्त्रज्ञांची जुनी रीत. अत्रेयांनी ती मोडली. जाळ्यात आलेल्या पक्ष्याचे फोटो काढले, मोजमापं घेतली, गळून पडलेली पिसं तेवढी ठेवली आणि त्याला सोडून दिलं. कारण त्यांना सगळे मिळून दिसले होते जेमतेम चौदा पक्षी! त्यांतला एक मारायचा म्हणजे काय, विचार करा. आपल्याकडे चौदा वाट्यांच्या संचातली एक हरवली तर आपण आठवडाभर हळहळतो.

पक्षी बुलबुलाएवढा. अंग करडं-हिरवट, डोक्यावर काळी टोपी, डोळ्यांपाशी नारिंगी-पिवळा रंग आणि पंखांवर पिवळे, लाल, पांढरे ठिपके. जणू साध्या इरकली लुगड्याला कुणी हौसेनं पैठणीचा काठ लावावा! आवाज बासरीसारखा, वरून खाली उतरत येणारा. तिथल्या बुगून लोकांवरून त्याचं नाव ठेवलं आहे. या लोकांनी २०१७ साली सिंगचुंग गावची सतरा चौरस किलोमीटर रानं या पक्ष्यासाठी आणि बाकीच्या वन्यजीवांसाठी राखीव करून दिली. गावातलीच मुलं तिथं गस्त घालतात. हे ऐकलं आणि मनात आलं, एकदा तिथं जायचं.

मनात येणं सोपं. पासष्ट हजार रुपयांचा प्रश्न होता. पुण्याहून सहा जणांचा गट जाणार, बरोबर माहितगार मार्गदर्शक, विमान, गाडी, तंबूत राहणं, सगळं धरून एवढा खर्च. माझ्याजवळ पैसे होते. अर्ध्या वेळच्या नोकरीचे आणि संध्याकाळच्या शिकवणीचे, पाच वर्षांत साठवलेले. पण ते 'माझे' आहेत असं मी कधी मोठ्यानं म्हटलंच नव्हतं. घरात सगळ्यांनीच धरून चाललेलं, की यातून स्वयंपाकघराचा ओटा नवा होणार. ओट्याखाली ओल येते, कडाप्पा मधोमध तडकला आहे, हे काही खोटं नाही.

एका रात्री जेवणं झाल्यावर मी विषय काढला. हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आणि तो दिसलाच नाही तर?"

हा प्रश्न मलाही छळत होताच. पूर्वी सर्कशीचं तिकीट काढलं की वाघ दिसायचाच; इथे तशी हमी नाही. पंधरा-वीस पक्षी, एवढा डोंगर, त्यात धुकं आणि पाऊस. मी म्हटलं, "नाही दिसला तर नाही. ओटा मात्र पुढच्या वर्षी होईल." बोलून गेले खरी, पण रात्रभर झोप नाही. एवढ्या पैशांत घरातल्या चौघांची एक छान सहल झाली असती, हे मला काय कळत नव्हतं?

सकाळी चहा पिताना हे इतकंच म्हणाले, "मेमध्ये मला रजा मिळेल. ओंकारचं आणि आईचं मी बघतो." त्यांना कुकर लावता येतो, पोळ्या येत नाहीत. आठ दिवसांच्या पोळ्या समोरच्या वहिनींकडून घ्यायचं ठरवलं. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन फेब्रुवारीत एका डोळ्याचं झालंय, दुसऱ्याचं दिवाळीनंतर. थेंबांच्या वेळा मोठ्या अक्षरांत लिहून फ्रीजवर चिकटवल्या आहेत.

मग सुरू झाली कागदपत्रं. अरुणाचलात जायला आपल्यासारख्या भारतीयांनाही 'इनर लाईन परमिट' लागतं, म्हणजे आत शिरण्याचा परवाना. अर्ज संगणकावरून करता येतो. मी विमानाच्या तिकिटासाठी दिलं सासरचं नाव आणि परवान्यासाठी पाठवलं निवडणूक ओळखपत्र, त्यावर माहेरचं नाव! माझ्या बी. ए.च्या सर्टिफिकेटपासून बँकेच्या पासबुकापर्यंत मी निम्मी इकडची आणि निम्मी तिकडची आहे, हे अकरा वर्षांत कधी अडलं नव्हतं. ते अडलं एका पक्ष्यापायी. शेवटी आधार कार्ड दोन्हीकडे पाठवलं तेव्हा गाडी रुळावर आली. मैत्रिणींनो, कुठेही जायचं असो, आधी आपली सगळी कार्डं एका जागी काढून नावं ताडून बघा. मी ते आता सगळ्यांना सांगत सुटले आहे.

एप्रिलमध्ये पुण्याला गटाची बैठक झाली. गुवाहाटीहून ब्रह्मपुत्रा ओलांडून, भालुकपाँगच्या नाक्यावर परवाना दाखवून टेंग्याला पोचायचं, यात अख्खा दिवस जातो. तिथून वर लामा कॅम्प, सुमारे २३०० मीटर उंचीवर. मेमध्ये तिकडे साडेचारलाच उजाडतं, म्हणून साडेतीनला उठायचं. उठण्याचं मला काही वाटलं नाही, पण साडेतीनला उठून चहा दुसरं कुणीतरी करून देणार, याचं मात्र फार अप्रूप वाटलं!

बैठकीत एक गृहस्थ होते, तोफेएवढी लेन्स असलेले. ते म्हणाले, "त्याची ध्वनिमुद्रित शीळ वाजवा म्हणजे पक्षी समोर येईल. एवढे पैसे भरून फोटो नको का?" पुष्कळ ठिकाणी असं करतात. शीळ ऐकून पक्ष्याला वाटतं दुसरा नर आपल्या हद्दीत शिरला, आणि बिचारा सगळं टाकून भांडायला धावत येतो. मे महिना म्हणजे त्यांचे घरटी करण्याचे दिवस. मला चारचौघांत बोलायची सवय नाही, वर्गातल्या पोरांपुढे काय ती जीभ चालते. पण त्या दिवशी बोलले. म्हटलं, "आपल्या घरात बाळंतीण असताना कुणी दारात येऊन खोटी हाक मारली तर चालेल का आपल्याला?" क्षणभर सगळे गप्प. मार्गदर्शक म्हणाले, या पक्ष्यासाठी आपण शीळ वाजवणार नाहीच आहोत. ते गृहस्थ परतीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. मलाही घरी येताना बसमध्ये वाटत राहिलं, अंमळ जास्तच बोललो का आपण?

सध्या शिवणयंत्र बाहेर काढलं आहे. तिकडे पावसात जळवा फार. त्या साध्या मोज्यांच्या विणीतून आत शिरतात, म्हणून वरून गुडघ्यापर्यंत येणारे घट्ट विणीच्या कापडाचे मोजे घालावे लागतात. बाजारात मिळतात, पण पासष्ट हजारांनंतर आणखी खर्च करायला हात धजेना. जुन्या पॉपलीनच्या उशीच्या अभ्र्यांचे दोन जोड शिवले, वर नाडी घातली. ओंकारनं ते घालून घरभर संचलन केलं.

सासूबाई जवळच बसून शेंगदाण्याची चटणी डब्यात भरत होत्या. वरती डोंगरात फोन लागेलच असं नाही, हे मी त्यांना हळूच सांगून टाकलं. त्या काही बोलल्या नाहीत. डब्याचं झाकण दोनदा काढून दोनदा लावलं. मग म्हणाल्या, "माझ्या खऱ्या बुगड्या ह्याच्या कॉलेजच्या फीला गेल्या. त्या मोडायला दिल्या तेव्हा शेवटचं नीट बघून घ्यायचंही सुचलं नाही बघ मला."

मी काय बोलणार? नाडी ओवत राहिले.

"फोटोबिटो मला दिसायचे नाहीत," त्या म्हणाल्या. "गाते कशी ते तेवढं लक्षात ठेव. आल्यावर म्हणून दाखव."

आता मला शीळ कुठे घालता येते! पण ओंकारला येते. त्याच्याकडून रोज संध्याकाळी शिकते आहे. परवा रात्रीची पुण्याची गाडी आहे, आणि अजून बॅग भरायची आहे.