शेअर बाजारासाठी संगणक घेताना

शेअर बाजार म्हटले की आपल्या समाजातील जुनीजाणती माणसे आजही कपाळाला आठ्या घालतात. "तो शेठजींचा धंदा, आपले तिथे काय काम?" असा त्यांचा सवाल असतो. परंतु या धंद्याशी आपला संबंध आजचा नाही. १९१७ साली बडोद्याची नोकरी सोडून मुंबईत आल्यावर प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शेअर्सचे व्यवहार करणाऱ्यांना सल्ला देणारी पेढी काढली होती. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेल्या विद्वानाचा तो सल्ला! पेढी आरंभी बरी चालली. पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके फिरकेनाशी झाली आणि पेढी बंद पडली.

आज तो अडसर निदान पडद्यावर तरी नाही. १९९४ साली राष्ट्रीय शेअर बाजारात संगणकाच्या पडद्यावरून सौदे सुरू झाले. पुढच्याच वर्षी मुंबई शेअर बाजारातही रिंगणातील आरडाओरड जाऊन पडदा आला. येथे भाव आणि वेळ पाहून सौदा जुळतो. घेणाऱ्याला विकणाऱ्याचे नाव दिसत नाही की आडनाव. २००० साली इंटरनेटवरून सौदे करण्यास परवानगी मिळाली. आता बाबासाहेबांच्या बालपणाची काही वर्षे ज्या दापोलीत गेली, त्या तालुक्यातील आमच्या आंजर्ल्यात बसूनही बाजारात उतरता येते.

बी.कॉम. झाल्यावर आमच्या मुलीने हाच विचार आमच्यापुढे मांडला. वाडीतील मुले शिकली की एस.टी. धरून मुंबईला जातात. आम्हीही तेच केले आणि निवृत्त झाल्यावर गावी परतलो. "मला इथेच राहून काम करायचंय," असे ती म्हणाली तेव्हा आम्हा उभयतांना समाधानच वाटले. मात्र दुकानदाराने तिला लिहून दिलेली संगणकाच्या भागांची यादी दीड लाखाची होती आणि पैसा आमच्या फंडाचा होता. म्हणून यादीतील एकेक ओळ घेऊन आम्ही तिघे बसलो. त्यातून जे उमगले ते इतर कुटुंबांच्याही उपयोगी पडावे म्हणून येथे देत आहोत.

यादीत पहिला होता सर्वांत महागडा प्रोसेसर. "बाबा, मशीन वेगवान असलं की सौदा आधी लागतो," हे मुलीचे म्हणणे. पण आपला सौदा घरातून दलालाच्या संगणकाकडे जातो आणि तेथून बाजाराकडे. खरा वेळ त्या वाटेवर जातो. मोठ्या कंपन्यांनी तर कित्येक वर्षांपासून आपले संगणक बाजाराच्या यंत्रणेशेजारीच भाड्याने जागा घेऊन ठेवले आहेत. त्यांच्याशी आंजर्ल्याहून वेगाची शर्यत लावणे म्हणजे होडक्याने आगबोटीचा पाठलाग करणे होय. भाव आणि आलेख दाखवायला मध्यम प्रतीचा प्रोसेसर पुरतो. तोच घेतला.

दुसरे, ग्राफिक कार्ड. ते खेळ खेळणाऱ्यांसाठी आणि चित्रफितींचे काम करणाऱ्यांसाठी. बाजाराचे दोन पडदे मदरबोर्डवरच्या दोन जोडण्यांवर सहज चालतात. मात्र एक खबरदारी घ्यावी. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' हे अक्षर असते, त्यात चित्र दाखविण्याची सोय नसते. तो थोडा स्वस्त मिळतो, पण मग कार्ड घ्यावेच लागते. मदरबोर्डला पडद्यांच्या दोन जोडण्या आहेत ना, हेही आधी पाहावे. रॅम १६ जीबी आणि एसएसडी ५०० जीबी, एवढ्यात काम भागते. सहा पडद्यांऐवजी २४ इंची दोनच घेतले. एकावर आलेख, दुसऱ्यावर सौदे.

उलट, ज्यावर यादीत एक ओळही नव्हती, त्यावर आम्ही हात सैल सोडला. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा दापोली-मंडणगडकडची कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती. एरवीही पावसाळ्यात वीज लपंडाव खेळते. म्हणून चांगला यूपीएस घेतला, घराचे अर्थिंग तपासून घेतले आणि कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा वीजपुरवठ्याचा डबा न घेता खात्रीचा घेतला. इंटरनेटचा राउटरही यूपीएसवरच जोडावा. तो बंद पडला तर चालू संगणकाचा काय उपयोग? यूपीएस काही मिनिटेच साथ देतो. तेवढ्यात हातातला सौदा मिटवता आला पाहिजे. त्यासाठी दुसऱ्या कंपनीचे सिम घातलेला मोबाइल जवळ ठेवावा आणि दलालाचा फोन नंबर भिंतीवर लिहून ठेवावा. खाडी-समुद्राची खारी हवा धातूला खाते, तेव्हा कॅबिनेट समुद्राकडच्या खिडकीजवळ ठेवू नये. पावसाळ्यात काम नसले तरी तो रोज थोडा वेळ चालू करावा. हे सारे धरूनही खर्च मूळ यादीच्या निम्म्याच्या आत राहिला.

परंतु बंधू-भगिनींनो, यंत्र कितीही चांगले असले तरी ते नफा देत नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्यूचर्स आणि ऑप्शन्सचे सौदे करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. त्यांचा एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता. जात न विचारणारा बाजार आपली गरिबीही विचारत नाही, हे मुलांना सांगितले पाहिजे.

भगवान बुद्धांनी सिगालोवाद सुत्तात जुगार हे संपत्तीच्या नाशाचे एक द्वार सांगितले आहे. त्याच उपदेशात मिळकतीचे चार भाग करण्यास सांगितले आहे: एक उपभोगासाठी, दोन उद्योगासाठी आणि चौथा संकटकाळासाठी राखून ठेवावा. आमच्या घरी हाच हिशेब वहीत मांडला. संगणक आणि बाजाराचे भांडवल उद्योगाच्या भागातून. चौथा भाग बँकेत मुदत ठेवीत, त्याला मुलीने हात लावायचा नाही आणि आम्हीही लावायचा नाही. पहिले वर्ष कंपन्यांचे ताळेबंद वाचायचे, थोडे शेअर्स घेऊन सांभाळायचे, फ्यूचर्स-ऑप्शन्सच्या वाटेला जायचे नाही. प्रत्येक सौदा का केला, ते त्याच दिवशी वहीत लिहायचे. या अटी तिने वाचल्या, दोन दुरुस्त्या सुचविल्या आणि मग खाली सही केली.

आपल्या घरातही कोणी अशी यादी घेऊन आले तर त्याला उडवून लावू नका आणि डोळे मिटून पैसेही देऊ नका. त्याच्याबरोबर बसा, एकेक ओळ वाचा आणि प्रत्येक ओळीपुढे 'हे कशासाठी?' असे विचारा.

जयभीम!