जो पेपर लिव्हरपूल घेत नाही

मी लिव्हरपूलचा समर्थक आहे हे कळलं की लोक लगेच अंदाज बांधतात, मोहम्मद सालाहमुळे असणार. मुसलमान माणूस, मुसलमान खेळाडू, गोल झाला की मैदानात सजदा. जुळतंय की सगळं! पण सालाह लिव्हरपूलला आला २०१७ मध्ये. मी त्या क्लबच्या नादाला लागलो त्याच्या बारा वर्षं आधी, मे २००५ मध्ये. इस्तंबूलला चॅम्पियन्स लीगची फायनल होती. मध्यंतराला मिलान ३-० ने पुढं. नंतर लिव्हरपूलनं सहा मिनिटांत तिन्ही गोल फेडले आणि पेनल्टीवर कप उचलला. आपल्याकडं तेव्हा मध्यरात्र कधीच उलटून गेली होती. माझ्या ओरडण्यानं अब्बा जागे झाले. टीव्हीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "फजर को तो ऐसा नहीं उठता तू."

फुटबॉल काही मी टीव्हीवर शिकलो नाही. आम्ही कोल्हापूरचे. इथं पाटाकडील विरुद्ध दिलबहार असा सामना लागला की शाहू स्टेडियमच्या आसपासची दुकानंसुद्धा अंदाज घेऊन शटर ओढतात. इथली टीम पेठेची असते, तालमीची असते. मोहरमात याच शहरातल्या कित्येक तालमींत पंजे बसतात, आणि त्याच तालमींचे गणपतीही असतात. त्यामुळं तू कुठल्या टीमचा, हा प्रश्न आमच्याकडं तू कुठं राहतोस असा असतो. हे आधी सांगतो, कारण पुढं ते लागणार आहे.

क्लबचा नाद लागला की त्याचा इतिहास वाचणं आलंच. लिव्हरपूलच्या इतिहासात कपांइतकीच प्रेतंही आहेत.

आधी हेसेल. २९ मे १९८५, ब्रसेल्स, युव्हेंटसबरोबर युरोपियन कपची फायनल. लिव्हरपूलचे काही समर्थक समोरच्या प्रेक्षकांवर चालून गेले, लोक मागं रेटले गेले, भिंत कोसळली आणि ३९ माणसं मेली. बहुतेक इटालियन होती. इंग्लंडच्या क्लबांवर युरोपात बंदी आली, पुढं चौदा समर्थकांना मनुष्यवधाबद्दल शिक्षा झाली. हे लिव्हरपूलवाल्यांनी केलं होतं, यात शंका नाही.

मग चार वर्षांनी हिल्सबरो. १५ एप्रिल १९८९, शेफिल्ड, एफए कपची सेमीफायनल. लिव्हरपूलच्या बाजूच्या फाटकांवर चेंगराचेंगरीची वेळ आली, तेव्हा पोलिसांनी बाहेर पडायचं एक मोठं फाटक उघडून दिलं. लोंढा सरळ बोगद्यातून मधल्या दोन कप्प्यांत शिरला. ते कप्पे आधीच खचाखच भरलेले. पुढं लोखंडी जाळी. हेसेलसारख्या दंगलींच्या भीतीनं प्रेक्षकांना जनावरांसारखं कोंडायची तेव्हा पद्धतच होती. माणसं उभ्या उभ्या गुदमरली. नंतरच्या वर्षांत दगावलेले धरून मृतांचा आकडा ९७ वर गेला. सगळ्यात लहान मुलगा दहा वर्षांचा होता, स्टीव्हन जेरार्डच्या नात्यातला.

खरी गोष्ट इथून पुढची आहे. बंदोबस्ताच्या प्रमुख पोलीस अधिकाऱ्यानं त्याच दुपारी सांगितलं की फाटक समर्थकांनी जबरदस्तीनं उघडलं. मेलेल्यांच्या रक्तात दारू किती हे तपासलं गेलं, लहान मुलांच्यासुद्धा. चौथ्या दिवशी 'द सन' या पेपरनं पहिल्या पानावर 'सत्य' अशा अर्थाचं भलंमोठं शीर्षक देऊन छापलं की लिव्हरपूलच्या लोकांनी मेलेल्यांचे खिसे कापले, पोलिसांच्या अंगावर लघवी केली, मरणाऱ्याला श्वास देणाऱ्या पोलिसाला मारलं. सगळं खोटं. पण देशानं त्यावर विश्वास ठेवला. का ठेवणार नाही? चार वर्षांपूर्वी हेसेल यांनीच केलं होतं ना? हेसेलला ज्यांनी हात लावला नव्हता, त्यातले कित्येक तर तेव्हा शाळकरी पोरं होते, त्यांच्याकडून हेसेलचा हिशेब वसूल केला गेला.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, अरे, ही रीत तर आपल्या ओळखीची आहे. कुठंतरी कुणीतरी काहीतरी भयंकर करतो, नाव आपल्यासारखं असतं, आणि पुढच्या प्रत्येक खोट्याला आधीच जामीन मिळालेला असतो.

मार्च २०२० आठवा. निजामुद्दीनच्या मरकजमध्ये लोक अडकले. तिथं गर्दी जमवण्यात निष्काळजीपणा झाला असं म्हणायला माझी हरकत नाही, मी तबलिगींचा भक्त नाही. पण टीव्हीवर जे सुरू झालं ते निष्काळजीपणाबद्दल नव्हतं. रोग पसरवायचा कट आहे, फळांना थुंकी लावतात, इथपर्यंत मजल गेली. आमच्या गल्लीत हातगाडीवर केळी विकणारे एक चाचा आहेत. वीस वर्षं ज्या कॉलनीत गाडी लावली, तिथं त्यांना नाव विचारलं गेलं आणि मग सांगितलं, उद्यापासून येऊ नका. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं २९ परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवलं गेलं असावं, असं स्पष्ट लिहिलं. ते निकालपत्र चाचांच्या कॉलनीत कुणी वाचलं असेल असं मला वाटत नाही.

आता लिव्हरपूलनं काय केलं ते बघा. त्या शहरातल्या बहुतेकांनी 'सन' घेणं बंद केलं. पेपरवाल्या दुकानदारांनी ठेवणं बंद केलं. आंदोलन चार दिवस चाललं आणि संपलं असं झालं नाही. आज पस्तीसहून जास्त वर्षं झाली, तो पेपर तिथल्या बहुतेक दुकानांत दिसत नाही. २०१७ मध्ये क्लबनं त्याच्या पत्रकारांना ॲनफिल्डचे दरवाजेही बंद केले. आणि दुसरीकडं मेलेल्यांच्या घरच्यांनी कागद गोळा केले. १९९१ च्या चौकशीनं 'अपघाती मृत्यू' म्हणून फाइल बंद केली तरी थांबले नाहीत. २०१२ मध्ये स्वतंत्र समितीनं सरकारी दप्तर उघडलं, तेव्हा दिसलं की पोलिसांचे दीडशेहून जास्त जबाब बदलले गेले होते. २०१६ मध्ये ज्युरीनं सांगितलं की ही माणसं बेकायदा मारली गेली आणि समर्थकांचा त्यात काहीही दोष नव्हता. सत्तावीस वर्षं! कित्येक आईबाप तोवर गेले होते. शिक्षा म्हणाल तर त्या पोलीस अधिकाऱ्यालाही झाली नाही, २०१९ मध्ये तो निर्दोष सुटला.

आपल्याकडं? २०२० मध्ये ज्या चॅनेलनं आपल्याला विषाणू म्हटलं, तो चॅनेल आपल्याच घरांत रात्री नऊ वाजता चालू असायचा. शिव्या देत देत बघायचे, पण बघायचे. आणि व्हॉट्सॲपवर खोट्याला उत्तर म्हणून दुसरं खोटं फिरवायचे. कुठल्यातरी देशाच्या राजानं आपल्या बाजूनं अमुक म्हटलं, वगैरे. कागद कुणी जमवले? एका मोहल्ल्यात किती हातगाड्या बंद पडल्या, कुणाला कुठं अडवलं, किती दिवस रोजगार बुडाला, याची साधी वही तरी कुठल्या जमातीनं ठेवली? आमच्या तरी नाही. चाचांची गोष्ट आज मी लिहितो म्हणून कुठंतरी लिहिलेली आहे.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, हा लिव्हरपूलला फारच डोक्यावर घेतोय. तसं नाही.

ऑक्टोबर २०११. ॲनफिल्डवर मँचेस्टर युनायटेडविरुद्ध सामना. युनायटेडचा कृष्णवर्णीय बचावपटू पॅट्रिस एव्हरा यानं तक्रार केली की लिव्हरपूलच्या लुइस सुआरेझनं आपल्याला रंगावरून हिणवलं. चौकशी झाली, सुआरेझ दोषी ठरला, आठ सामन्यांची बंदी आणि ४० हजार पौंड दंड. दुसऱ्याच दिवशी विगनच्या मैदानावर लिव्हरपूलचे खेळाडू सरावाला उतरले ते सुआरेझचं चित्र असलेले टी-शर्ट घालून. मॅनेजर होता केनी डॅल्ग्लिश. हाच डॅल्ग्लिश १९८९ मध्येही मॅनेजर होता, हिल्सबरोच्या मयतांना एकामागून एक जात होता. शहर त्याला त्यासाठी अजून दुआ देतं. आणि तोही सुआरेझच्या पाठीशी ठाम उभा राहिला. एव्हरा जिथं जाईल तिथं आमचे लोक त्याची हुर्यो उडवायचे. जेमी कॅराघरनं टीव्हीवर एव्हराची समोरासमोर माफी मागितली ती २०१९ मध्ये.

मला हे हिल्सबरोपेक्षा जास्त अस्वस्थ करतं. ज्या लोकांवर अख्ख्या देशानं अविश्वास दाखवला, तेच लोक एका तक्रार करणाऱ्याला खोटारडा म्हणत होते. कारण काय, तर क्लबची बदनामी.

हा शब्द आपल्या घरांत किती वेळा ऐकलाय! तोंडी तलाक मिळालेली बाई बोलायला लागली की पहिलं वाक्य हेच येतं, समाजाची बदनामी होईल, आधीच लोक टपून बसलेत. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंनी सात मुस्लिम बायकांना घेऊन मुंबईत सचिवालयावर मोर्चा नेला, तेव्हाही हेच म्हटलं गेलं. दलवाईंची सगळी मतं मला पटतात असं नाही, त्यावर वेगळं लिहीन. पण त्या सात जणी एव्हरासारख्या होत्या, आणि आपण टी-शर्ट घालून उभे होतो. बाहेरच्यांचा द्वेष खरा आहे, म्हणून आतल्या बाईची तक्रार खोटी ठरत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात.

आता सालाह. अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी सालाहचा परिणाम मोजायचा प्रयत्न केला. तो आल्यानंतर लिव्हरपूलच्या परिसरात द्वेषमूलक गुन्हे अपेक्षेपेक्षा १६ टक्क्यांनी कमी झाले आणि लिव्हरपूल समर्थकांचे मुसलमानांविरुद्धचे ट्वीट निम्म्यावर आले, असं त्यांना दिसलं. हा अभ्यास माझ्या मुसलमान मित्रांनी मला किमान दहा वेळा पाठवला असेल. आनंद मलाही झाला. पण पहिल्याच हंगामात सालाहनं लीगमध्ये ३२ गोल मारले होते. दोनच मारले असते तर? जर्मनीचा मेसुत ओझिल २०१४ च्या विश्वविजेत्या संघात होता. २०१८ मध्ये संघ पहिल्याच फेरीत बाद झाला, तेव्हा त्याच्यावर जे बरसलं त्यानंतर तो संघ सोडून गेला आणि जाताना म्हणाला की जिंकलो की मी जर्मन, हरलो की बाहेरचा. २०२१ च्या युरो फायनलमध्ये इंग्लंडच्या ज्या तिघांच्या पेनल्टी हुकल्या, ते तिघं कृष्णवर्णीय होते. त्या रात्री त्यांच्या फोनवर काय काय आलं ते सगळ्यांनी वाचलंय.

केळीवाले चाचा कधी गोल मारणार नाहीत. आपल्यातले बहुतेक लोक मारणार नाहीत. अझीम प्रेमजी बघा, कलाम बघा, असं आपणही आपल्या पोरांना सांगतो, जणू भाडं भरल्याशिवाय या देशात राहता येत नाही. माझं म्हणणं एवढंच, की सामान्य मुसलमानाला सामान्य असण्याची मुभा पाहिजे. पेनल्टी हुकली तर त्याला लोकांनी वाईट खेळाडू म्हणावं.

ती मुभा मी बघितलेली आहे, म्हणून मागतो. शाहू स्टेडियमवर आमच्या पेठेच्या टीममध्ये एक मुसलमान पोरगा डाव्या बाजूला बचावाला खेळायचा. खेळ बेताचाच. तो चुकला की सगळी गॅलरी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची, अगदी जशी त्याच्या शेजारच्या जाधवाच्या पोराचा करायची तशीच. कमी नाही, जास्त नाही.

जून २०२३ मध्ये कोल्हापुरात काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. मोबाईलवरच्या स्टेटसवरून बंद, दगडफेक, फुटलेली दुकानं, बंद पडलेलं इंटरनेट. शाहू महाराजांच्या गावात हे होईल असं आम्हाला कधी वाटलं नव्हतं. त्यानंतरच्या हंगामात पहिल्या सामन्याला मी गेलो, तेव्हा माझं लक्ष चेंडूकडं कमी आणि मागच्या पायऱ्यांकडं जास्त होतं. दुसऱ्या हाफमध्ये त्या पोराच्या पायाखालून चेंडू गेला आणि समोरच्यांनी गोल केला. माझ्या मागचा माणूस उभा राहिला. मी मान वळवली नाही, नुसता ऐकत राहिलो. त्यानं त्या पोराच्या पायांना शिव्या घातल्या, त्याला टीममध्ये घेणाऱ्या कोचला घातल्या, मग खाली बसून शेंगा सोलायला लागला.